कॉम्प्युटरवाले कॉम्प्युटरला 'कॉम्प्युटर' का म्हणत नाहीत?

कर्जत किंवा खोपोलीतल्या रिपेअरिंगच्या दुकानात गिऱ्हाईक सांगतं, "कॉम्प्युटर चालू होत नाहीये." दुकानदार विचारतो, "मशीन आणलंय का?" कर्जत लोकल पकडून ठाणेमार्गे ऐरोलीला जाणारी आयटीवाली मंडळी म्हणतात, "सिस्टिम स्लो झालीये." सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या तोंडी 'बॉक्स' असतो. आणि ग्रामपंचायतीत त्याच यंत्रापुढे बसणारा माणूस सरकारी कागदावर 'संगणक परिचालक' असतो.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी शायनिंग आहे. थोडीफार असेलही. पण खरं कारण कर्जतच्या भातशेतीत सापडतं.

कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र कर्जतला आहे. 'कर्जत-3' हा हळवा वाण तिथलाच. इथला शेतकरी दुकानात जाऊन नुसतं "भात द्या" म्हणत नाही. हळवा, निमगरवा की गरवा, हे आधी ठरतं. पाणी लवकर ओसरतं तिथे हळवा, जास्त दिवस थांबतं त्या खाचरात गरवा. ज्याचं रोजचं काम भाताशी, त्याला 'भात' या शब्दातून काहीच कळत नाही.

कॉम्प्युटरवाल्यांचंही तसंच. त्यांच्यासाठी लॅपटॉप कॉम्प्युटर, सर्व्हर कॉम्प्युटर, खिशातला मोबाइलही कॉम्प्युटरच. मग नेमकं कशाबद्दल बोलायचं?

'मशीन' म्हणजे समोरची वस्तू, हार्डवेअर. हा शब्द जुना आहे. अ‍ॅलन ट्युरिंगच्या 1936 च्या प्रसिद्ध शोधनिबंधात गणना करणारी 'मशीन'च आहेत, कारण तेव्हा इंग्रजीत 'कॉम्प्युटर' म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. गंमत म्हणजे आपल्याकडेही 'गणक' म्हणजे हिशेब करणारा किंवा ज्योतिषी. 'संगणक' त्याच घरातला.

'सिस्टिम' म्हटलं की हार्डवेअरसोबत त्यावर चालणारं विंडोजसारखं सॉफ्टवेअरही आलं. 'पीसी' रुळला तो 1981 मध्ये आयबीएमचा पीसी आल्यावर. आणि 'बॉक्स' म्हणजे बहुतेकदा सर्व्हर. त्याला स्क्रीन नसते, कीबोर्ड नसतो, दिसतो तो फक्त डबा. आता क्लाउडमुळे तो डबाही पुष्कळदा खराखुरा नसतो, तरी नाव तेच.

इथपर्यंत सगळं मजेचं. पण शब्द चुकला की खिशाला आणि फोटोंना फटका बसतो.

सगळ्यात मोठा घोळ 'सीपीयू'चा. आपण अख्ख्या कॅबिनेटला सीपीयू म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे आत मदरबोर्डवर बसलेली, काडेपेटीएवढीही नसलेली चिप. पावसाळ्यात लाइट सारखी ये-जा करते तेव्हा आधी जातो तो बहुधा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा करणारा भाग. फोनवर "सीपीयू उडाला" सांगितलं, तर समोरचा भलत्याच खर्चाचा अंदाज देऊ शकतो. त्यापेक्षा "बटण दाबलं तर पंखा फिरत नाही" असं दिसतं तेच सांगा.

दुसरा घोळ महागात पडणारा. "सिस्टिम नवीन टाकावी लागेल" म्हणजे नवा कॉम्प्युटर नाही, विंडोज पुन्हा टाकणं. त्यासाठी सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, तर डेस्कटॉपवर ठेवलेले लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशेब सगळं जाऊ शकतं, कारण डेस्कटॉप सहसा सी ड्राइव्हमध्येच असतो. हो म्हणण्याआधी विचारा, "फॉरमॅट मारणार का? बॅकअप घेतलाय का?"

राहिला सगळ्यांच्या ओळखीचा, 'सर्व्हर डाऊन'. सेवा केंद्रात हा शब्द कशालाही वापरतात. कधी तिथलं मशीन बंद असतं, कधी फक्त नेट गेलेलं असतं, कधी खरोखर सरकारी सर्व्हर बसलेला असतो. सातबाऱ्यासाठी खालापूरला हेलपाटा घातला असेल, तर यातलं काय झालंय ते विचाराच. नेट गेलं असेल तर चौकच्या केंद्रात काम होऊ शकतं, किंवा घरी मोबाइलवरूनही डिजिटल सहीचा सातबारा काढता येतो. पण महाभूमीचाच सर्व्हर बसला असेल, तर चौकला जायची रिक्षा वाचवा.