दिनविशेष : ५ फेब्रुवारी
छत्तीसगडचा भात आणि जैवविविधता कायदा

५ फेब्रुवारी २००३ रोजी जैवविविधता कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. विधेयक संसदेत होते, तेव्हाच छत्तीसगडमधल्या रायपुरात भातावरून रान पेटले होते.

इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे भाताचे सुमारे १९ हजार नमुने होते. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात गावोगाव फिरून ते जमवले. दुबराज, जवाफूल, विष्णुभोग ही इथल्या सुवासिक भातांची नावे. शेतकऱ्यांच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेली. या संग्रहाच्या वापरासाठी विद्यापीठाने सिंजेंटा या स्विस कंपनीशी बोलणी चालवली होती. संकरित वाण काढायचे आणि मोबदल्यात विद्यापीठाला रॉयल्टी. ज्यांचे बियाणे, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. २००२च्या अखेरीस गोष्ट फुटली, शेतकरी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि डिसेंबरात कंपनीने अंग काढून घेतले.

खरे तर तोवर असा करार अडवणारा नेमका कायदाच नव्हता. अडवला तो लोकांनी. नव्या कायद्याने परदेशी कंपनीला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी बंधनकारक केली, नफ्यात स्थानिकांचा वाटा मान्य केला आणि नियम मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली. २०२३च्या दुरुस्तीने ही कैद काढून टाकली. आता फक्त दंड होतो.