निचरा-पाइपांचा आवाज (भिंतीतील)

घराच्या तयार भिंतीत, डक्टमध्ये किंवा फॉल्स सीलिंगवर झाकलेल्या सांडपाण्याच्या व पावसाळी पाइपांमधून पाणी वाहताना खोलीत ऐकू येणारा आवाज.

जुन्या बांधकामात बिडाचे जड पाइप बहुधा बाहेरच्या भिंतीवर उघडे असत. पुढे हलके, न गंजणारे पीव्हीसी पाइप आले (पाहा : पीव्हीसी) आणि देखणेपणासाठी ते आत गेले. आवाजही आत आला.

आवाज दोन वाटांनी पोहोचतो. पातळ पाइप थरथरून हवेत आवाज सोडतो. क्लॅम्प किंवा गिलावा घट्ट चिकटला असेल, तर अख्खी भिंतच वाजते. वरच्या मजल्यावर फ्लश ओढला की पाणी तळच्या काटकोनी बेंडवर आपटते आणि शेजारच्या खोलीत धबधबा ऐकू येतो. ट्रॅपमधली (पाणी अडवून ठेवणाऱ्या वळशातली) गुडगुड वेगळी : तिचे कारण सहसा अपुरा व्हेंट (हवेचा पाइप).

बांधतानाच ४५ अंशांचे दोन बेंड, रबरी अस्तराचे क्लॅम्प आणि जाड पाइप वापरणे सोपे. तयार घरात डक्टचे झाकण किंवा सीलिंग उघडून पाइपाभोवती जड ध्वनिरोधक पत्रा व रॉकवूल गुंडाळतात, फटी बुजवतात, वर जिप्सम बोर्डाचा दुहेरी थर देतात (पाहा : ध्वनिरोधन). नुसता फोम भरून फारसे साधत नाही.

लोणावळ्यात वर्षाकाठी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे तिथल्या बंगल्यांत गच्चीचा पाइप पलंगामागून गेलेला असल्यास आषाढात तो रात्रभर वाजतो.