लखनौचा ठराव आणि भितिहरव्याची शाळा

लखनौहून कानपूरकडे निघालेला रस्ता अमौसीचा विमानतळ ओलांडतो, तो प्रदेश सरोजिनी नगरचा. या नावाची तहसील आहे आणि विकास खंडही आहे. लखनौ जिल्ह्याच्या आठ विकास खंडांपैकी हा एक. नाव वाचताच सरोजिनी नायडूंची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. संयुक्त प्रांताच्या राज्यपाल असताना २ मार्च १९४९ रोजी त्यांचे लखनौमध्येच निधन झाले. एका अभ्यासदौऱ्याच्या निमित्ताने मी या भागातील काही गावांत हिंडलो. हातात नेहमीप्रमाणे एक तपासणी-पत्रक होते, आणि त्या पत्रकात नेहमीप्रमाणे एक रकाना होता : लोकसहभाग, रुपयांत.

या रकान्याशी माझे जुने वैर आहे. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात एका गावच्या पाणीयोजनेची कागदपत्रे मी तपासली होती. गावाने दहा टक्के लोकवर्गणी भरल्याची पावती व्यवस्थित लावलेली होती. पुढे गावकऱ्यांशी बोलताना कळले, की ती सगळी रक्कम ठेकेदारानेच एकरकमी भरली होती, आणि ती त्याने कुठून वसूल केली असेल हे सांगावयास ज्योतिषी नको. नियमाप्रमाणे मात्र लोकसहभाग शंभर टक्के झाला होता. मी सही केली. त्या सहीचा विषाद अद्याप गेलेला नाही, आणि लोक आपणहून एखादे काम हाती घेतात तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्नही तेव्हापासून सुटलेला नाही.

लखनौमध्ये हा प्रश्न मनात घेऊन फिरताना १९१६ सालचे काँग्रेस अधिवेशन आठवल्यावाचून राहत नाही. डिसेंबरच्या अखेरीस अंबिकाचरण मुजुमदार यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या या अधिवेशनात टिळक होते, सरोजिनी नायडू होत्या, आणि हिंदू-मुस्लिम करारामुळे ते इतिहासात गाजले. त्याच मंडपात राजकुमार शुक्ल नावाचा चंपारणचा एक शेतकरी गांधीजींच्या मागे लागलेला होता. चंपारणात दर विघ्यामागे, म्हणजे वीस कठ्ठ्यांमागे, तीन कठ्ठे नीळ लावण्याची सक्ती होती. तिलाच तीनकठिया म्हणत. ब्रजकिशोर प्रसाद यांनी चंपारणविषयीचा ठराव अधिवेशनापुढे आणला. तो आपण मांडावा, ही विनंती गांधीजींनी नाकारली. जी परिस्थिती मी डोळ्यांनी पाहिलेली नाही तिच्याविषयी मत देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. आमच्या खात्यातील कोणाही कनिष्ठ अधिकाऱ्याने हे उत्तर मुखोद्गत करावे असे आहे. वरिष्ठांनी केले तर अधिकच बरे.

पुढचा भाग बहुतेकांस ठाऊक आहे. एप्रिल १९१७ मध्ये गांधीजी मोतिहारीला पोहोचले, जिल्हा सोडण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही, खटला उभा राहिला आणि सरकारनेच तो मागे घेतला. हजारो रयतांचे जबाब नोंदले गेले. सर फ्रँक स्लाय यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, गांधीजी तिचे सभासद झाले, आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया संपली. शालेय पुस्तकांतील चंपारण येथे संपते.

मला ज्याचे कुतूहल आहे ते चंपारण येथून सुरू होते. जबाब घेत गावोगाव फिरताना गांधीजींच्या ध्यानात आले, की नीळ गेली तरी या गावांची स्थिती आपोआप सुधारणार नाही. मुले उनाड फिरत होती, किंवा दोन पैशांसाठी नीळमळ्यांवर राबत होती. विहिरींभोवती चिखल होता आणि घाण होती, कातडीचे रोग घरोघर होते. शाळा काढावयाच्या ठरल्या, परंतु पगारी मास्तर ठेवावयाचे नाहीत, असे त्यांनी ठरविले. तुटपुंज्या पगारावर मिळेल तो शिक्षक नेमण्यापेक्षा चारित्र्याचा माणूस हवा, मग त्याचे शिक्षण थोडे कमी असले तरी चालेल, हा त्यांचा आग्रह. गावाने शिक्षकाला राहावयास जागा आणि शिधा द्यावा. इतर खर्च बाहेरून व्हावा. स्वयंसेवकांसाठी त्यांनी जाहीर आवाहन केले.

त्या आवाहनाला जी माणसे धावून आली त्यांत मराठी नावे किती आहेत हे पाहिले, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकाला गंमत वाटेल. बेळगावहून गंगाधरराव देशपांड्यांनी बाबासाहेब सोमण आणि पुंडलिक कातगडे यांना पाठविले. सोमण हे वकील. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे पती बबनराव आले. बबनराव विलायतेचा अनुभव असलेले इंजिनिअर. पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. भारत सेवक समाजाकडून डॉ. हरी श्रीकृष्ण देव सहा महिन्यांसाठी आले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन केलेला हा समाज. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात हृदयनाथ कुंझरूंच्या नेतृत्वाखाली त्याचे पथक यात्रेकरूंच्या सेवेस गेले होते. तेथेही वैद्यकीय बाजू देवांकडे होती, आणि गांधीजी आपल्या फिनिक्सच्या मंडळींसह त्यांच्या मदतीस उभे राहिले होते. चंपारणात सापडलेला डॉक्टर असा दोन वर्षे आधीच पारखलेला होता. गुजरातेतून महादेव देसाई आणि नरहरी परीख सपत्नीक आले, आश्रमातून देवदास, छोटेलाल आणि सुरेंद्र आले, कस्तुरबा आल्या. तरीही एकूण संख्या हाताच्या बोटांवर दोनदा मोजता यावी एवढीच, आणि १९११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख.

भाषेची अडचण मोठी होती. अवंतिकाबाई आणि आनंदीबाई शिकलेल्या होत्या. दुर्गाबेन आणि मणिबेन यांना गुजरातीपुरते येई, आणि कस्तुरबांना तेवढेही नाही. या स्त्रियांनी हिंदी मुलांना शिकवावे कसे? गांधीजींनी त्यांची समजूत घातली, की व्याकरण राहू द्या, स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवा. मुळाक्षरांत मराठी-हिंदीचे अंतर तसे थोडेच. (घर सोडून हिंदी मुलुखात राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला आपली हिंदी उत्तम आहे असे वाटते, ते तोंड उघडेपर्यंतच, हे मी स्वानुभवाने सांगतो. त्यातून चंपारणची बोली भोजपुरी!) परंतु वर्ग यशस्वी झाले. अवंतिकाबाईंची शाळा तर सर्वांत नमुनेदार ठरली, अशी साक्ष स्वतः गांधीजींनी दिली आहे. या बाईंचे वय तेव्हा पस्तिशीचे होते आणि त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतलेले होते. गावच्या स्त्रियांपर्यंत पोहोचण्याची वाट पुरुष कार्यकर्त्यांना सापडत नव्हती, ती या स्त्रियांमुळे खुली झाली.

पहिली शाळा नोव्हेंबर १९१७ मध्ये बरहरवा लखनसेन येथे, गावातील एका गृहस्थाने दिलेल्या घरात निघाली. तेथे गोखले दांपत्य राहिले. दुसरी त्याच महिन्यात नेपाळच्या तराईजवळ भितिहरवा येथे, एका महंताने दिलेल्या जमिनीवर बांबू आणि गवताच्या झोपडीत. तिसरी जानेवारी १९१८ मध्ये मधुबनला. शाळांबाबत गांधीजींनी चंपारणचे जिल्हाधिकारी मेरिमन यांना सविस्तर पत्र लिहिले, हे मला प्रशासक म्हणून फार महत्त्वाचे वाटते. बारा वर्षांखालील मुलांना काय शिकवणार, शिक्षक कोण, त्यांची पात्रता काय, हे त्यात आहे. आणि मोठ्या माणसांना आरोग्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकवण्याचा मानस आहे : रस्ते नीट करणे, विहिरी खणणे अशी सार्वजनिक कामे एकत्र येऊन करण्याचे फायदे. ज्या सरकारच्या हुकुमाचा सहा-सात महिन्यांपूर्वी भंग केला, त्याच सरकारच्या अधिकाऱ्याला ही माहिती न मागता देणे, यात एक शिस्त आहे. स्वयंसेवकांवरही सक्त बंधन होते. मळेवाल्यांच्या तक्रारी ऐकावयाच्या नाहीत, राजकारणात पडावयाचे नाही. कुणी गाऱ्हाणे आणलेच तर त्याला गांधीजींकडे पाठवावयाचे.

देवांच्या दवाखान्यात औषधे तीनच : एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचे मलम. जीभ बुरसटलेली असेल किंवा पोट धरले असेल तर एरंडेल, ताप असेल तर आधी एरंडेल मग क्विनाइन, खरूज-गळवांना मलम. याच्या पलीकडचे दुखणे असेल तर देवांनी पाहावे. शिक्षकाला डॉक्टर न करता दवाखाना चालविण्याची ही पद्धत. गावपातळीवरील आरोग्य-कार्यकर्त्याच्या हाती मोजकी औषधे देऊन आपण आज जे करतो त्याच्याशी तिचे नाते उघड आहे.

मलमाचे काम सोपे होते, झाडूचे कठीण. देव आणि त्यांचे सोबती रस्ते आणि अंगणे झाडीत, विहिरी उपसून साफ करीत, भोवतालची डबकी बुजवीत, आणि गावातूनच स्वयंसेवक निघावेत म्हणून लोकांची मनधरणी करीत. काही गावे लाजेकाजेस्तव पुढे आली. काही गावांना एवढा उत्साह आला, की गांधीजींची मोटार जावी म्हणून त्यांनी रस्तेच तयार केले. येथे मला हसू आवरत नाही. मोठ्या माणसाची मोटार येणार म्हणून रातोरात होणारे रस्ते ही आमच्या खात्याची मक्तेदारी आहे असे मी समजत होतो. आणि काही गावांनी हे काम आपल्याला पसंत नाही असे तोंडावर सांगितले. गांधीजींनी हे तिन्ही अनुभव लिहून ठेवले, यशाच्या अहवालात घालून टाकले नाहीत, याबद्दल त्यांचे ऋण मानावे लागते.

भितिहरव्याजवळच्याच एका लहान गावची ती प्रसिद्ध हकिकत. कपडे धूत का नाही, असे विचारले तेव्हा एका बाईने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले आणि दाखविले, की पेटी नाही, कपाट नाही, अंगावरचे लुगडे हे एकच. ते धुवावयाचे तर नेसावे काय? स्वच्छतेच्या प्रत्येक मोहिमेच्या फायलीत ही हकिकत पहिल्या पानावर लावावी असे मला वाटते. लोकांना कळत नाही, म्हणून ते करीत नाहीत, या गृहीतकावर आपल्या किती योजना उभ्या आहेत!

याच भितिहरव्याची झोपडी एके रात्री जळाली. मळेवाल्यांनी जाळली असा संशय होता, सिद्ध काही झाले नाही. शाळा सोमणांच्या आणि कस्तुरबांच्या ताब्यात होती. बेळगावच्या या वकिलाने तक्रार-अर्जात वेळ घालविला नाही. विटांचे पक्के घर बांधावयाचे ठरवून तो स्वतः कामाला लागला. ते पाहून गावकरीही जमले, आणि घर थोड्याच दिवसांत उभे राहिले. या घरासाठी लोकसहभाग किती रुपयांचा झाला हे कोठेही नमूद नाही. परंतु महिन्यांच्या मनधरणीने जे साधले नव्हते ते एका आगीने आणि हातात वीट घेतलेल्या एका माणसाने साधले. रिकाम्या हाताने उपदेश करणारा आणि भरल्या हाताने गप्प राहणारा, यांतला फरक खेड्यातला माणूस फार लवकर ओळखतो.

तरीही हे काम टिकले नाही, हे सांगितलेच पाहिजे. देवांची मुदत सहा महिन्यांची होती. बाहेरून आलेले शिक्षक ठरल्या वेळी परतले, नवे मिळाले नाहीत, आणि बिहारमधून कायमचे, विनावेतन काम करणारे कार्यकर्ते पुरेसे पुढे आले नाहीत. स्वतः गांधीजींनाही मार्च १९१८ पर्यंत अहमदाबादचा गिरणी-संप आणि खेड्याचा सारा यांनी ओढून नेले. शाळा काही वर्षे चालवाव्यात, आणखी गावांत न्याव्यात, हा त्यांचा मनोदय अपुरा राहिला. गांधीजींच्या चाहत्यांना हे अपयश म्हणवत नाही. मला म्हणवते, कारण कारणे स्पष्ट आहेत. शिक्षक बाहेरचे, पैसा बाहेरचा, प्रेरणाही बाहेरची. गावाकडे शिधा पुरविण्यापलीकडे अधिकाराचे असे काहीच नव्हते. सोमणांच्या विटांचा अपवाद.

पस्तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हाच पेच सरकारी रूपात पुन्हा उभा राहिला. उत्तर प्रदेशात त्याआधी, १९४८ पासून, इटावा जिल्ह्यात अल्बर्ट मेयर यांच्या सल्ल्याने प्रयोग झालेला होता. विकास खंड, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक ही सगळी रचना त्या काळातली; सरोजिनी नगरचा खंड हा त्याच वंशातला. श्रमदानाचे आकडे भराभर गोळा झाले. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने स्पष्ट म्हटले, की लोकांचा पुढाकार जागा करण्यात हा कार्यक्रम कमी पडला, आणि निवडून आलेल्या स्थानिक संस्थांकडे अधिकार गेल्याशिवाय तो जागा होणार नाही. शिधा पुरविणाऱ्या गावाला निर्णय द्या, एवढाच त्याचा अर्थ.

अवंतिकाबाई मुंबईस परतल्या. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले, त्याला प्रस्तावना टिळकांची. आणि त्याच वर्षी हिंद महिला समाज स्थापून त्या स्वतःच्या शहरातील स्त्रियांमध्ये कामाला लागल्या. ते काम त्यांनी आयुष्यभर केले. चंपारणात सहा महिन्यांपुरते असलेले काम घरी आल्यावर कायमचे झाले.

कानपूर रस्त्याजवळच्या एका गावात मी पत्रक काढून त्या रकान्याशी आलो तेव्हा सोबतच्या कर्मचाऱ्याने प्रामाणिकपणे शून्य असे सांगितले. कट्ट्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी ते ऐकले. ते म्हणाले, पावसाच्या आधी आमची पोरे मिळून तो पलीकडचा नाला उपसतात, दरवर्षी. नाही उपसला तर शाळेत पाणी शिरते. पैसे कुणी देत नाही, कुणी मागत नाही. किती दिवस लागतात, असे मी विचारले. दोन रविवार, ते म्हणाले. पत्रकात रविवार लिहावयास जागा नव्हती. शून्य खोडून मी ते शेऱ्याच्या रकान्यात लिहिले.