पर्याय पडला, आक्षेप नाही

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा विषय निघाला की चांदवडच्या कट्ट्यापासून पुण्याच्या सभागृहापर्यंत एक वाक्य ठरलेलं: माणूस थोर, पण इन्फ्लेशन न मानण्यात हट्टी, ते तर आता सिद्धच झालंय.

पूर्वपक्ष दुबळा नाही. आरंभी सेकंदाच्या अत्यल्प अंशात विश्व प्रचंड वेगाने फुगलं (हेच इन्फ्लेशन), असं ॲलन गुथ यांनी १९८१ मध्ये मांडलं. एरवी परस्परांशी कधीच संपर्क न आलेल्या दिशांकडून येणारं वैश्विक पार्श्वप्रारण लाखात एका भागापर्यंत सारखं का, याचं उत्तर त्यातून मिळतं. प्लँक उपग्रहाने मोजलेला, त्या प्रारणातल्या चढउतारांच्या वर्णपटाचा किंचित कलही (०.९६५, नेमका १ नव्हे) साध्या मॉडेल्सशी जुळतो. उलट हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांचं १९९३ चं अर्ध-स्थिर विश्व त्याच प्रारणाच्या बारकाव्यांपुढे टिकलं नाही. हे निर्विवाद.

पण पर्याय पडला म्हणून आक्षेप पडत नाही. इन्फ्लेशन घडवणारं क्षेत्र कुठल्याही प्रयोगशाळेत दिसलेलं नाही. नेहमीच्या मॉडेल्समध्ये लागणारी ऊर्जा लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या सुमारे लाख कोटी पट. त्या क्षेत्राचा आकार निरीक्षणाला जुळेल असा निवडता येतो. एक मॉडेल बाद झालं की दुसरं तयार. आणि सर्व आकारमानांवर जवळजवळ समान चढउतारांचा वर्णपट हॅरिसन व झेल्डोविच यांनी गुथच्या आधीच सुचवला होता.

‘सिद्ध’ म्हणण्याची घाई २०१४ च्या मार्चमध्ये जगाने पाहिली. बायसेप-२ प्रयोगाने इन्फ्लेशनमधून अपेक्षित आदिम गुरुत्वलहरींचा ठसा सापडल्याचं जाहीर केलं; वर्षभरात कळलं की बराचसा संकेत आकाशगंगेतल्या धुळीचा. आमच्याकडे कांद्याच्या लिलावात ट्रॉलीचा वरचा माल पाहून बोली लागते, पण ट्रॉली खाली झाल्याशिवाय व्यापारी हिशेब पुरा करत नाही. गुरुत्वलहरींचा तो ठसा अजून सापडलेला नाही. २०२१ मध्ये घनतेच्या चढउतारांच्या तुलनेत त्याच्या तीव्रतेची कमाल मर्यादा ०.०३६ वर आली.

राहिला हट्ट. नारळीकरांनी आधी पुरस्कारलेल्या स्थिर स्थिती विश्वाचं प्रसरणही घातांकीच होतं, आणि अशा प्रसरणात सुरुवातीचे खाचखळगे पुसले जातात हे हॉइल-नारळीकरांनी साठच्या दशकातच दाखवलं होतं. १९९१ मध्ये थाणू पद्मनाभन यांच्यासह नारळीकरांनी खगोलशास्त्रज्ञांसाठी इन्फ्लेशनचा सविस्तर आढावा लिहिला. न वाचता नाकारणाऱ्याची ही रीत नव्हे. इन्फ्लेशनच्या उभारणीत स्वतः हातभार लावलेले पॉल स्टाइनहार्ट पुढे त्याचे कडवे टीकाकार झाले. २०१७ मध्ये त्यांच्या लेखाला गुथ, लिंडे, हॉकिंग यांच्यासह ३३ शास्त्रज्ञांना सह्यांचं उत्तर द्यावं लागलं. पायथागोरसच्या प्रमेयासाठी कोणी सह्या गोळा करत नाही.