भाड्यासाठी घर घेताय? पाहणीत दोष निघाले तर काय करावे

निवृत्तीचा पैसा हातात आला, की बेळगाव भागात बरेचजण दोन खोल्यांचे जुने घर किंवा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा विचार करतात. सौदा तोंडी ठरतो. मग इंजिनिअर घर पाहून येतो आणि सांगतो, 'स्लॅबचं लोखंड गंजलंय, भिंतीत ओल आहे.' इथे काहीजण घाबरून बरे घरही सोडतात, तर काहीजण 'रंग मारला की झालं' म्हणत विसार देऊन मोकळे होतात. दोन्ही चुका टाळायच्या, तर दोषाची किंमत रुपयांत काढावी लागते.

दोष किती खोल?

गिलाव्यावरच्या केसाएवढ्या भेगा, गळके नळ, फुटक्या फरश्या हा किरकोळ खर्च. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली रुंद भेग मात्र पाया खचल्याचे लक्षण असू शकते. काळ्या मातीवरच्या घरांत हा धोका जास्त, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. काही आठवड्यांत भेग खुणेपुढे गेली, तर ती वाढतेय हे नक्की. स्लॅबला खालून हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर आत काँक्रीट सुटलेले असण्याची शक्यता असते.

घरात भाडेकरू असेल, तर त्यालाही विचारावे, 'पावसात बादली कुठं ठेवता?' नव्या रंगाखाली लपलेली गळती या एका प्रश्नात कळते.

भाड्याचा हिशेब

समजा, घराची किंमत ४० लाख आणि भाडे महिना ११ हजार. वर्षाचे १ लाख ३२ हजार, म्हणजे घरपट्टी धरण्याआधीच परतावा ३.३ टक्के. दुरुस्ती ३ लाखांची निघाली, तर सव्वादोन वर्षांचे भाडे त्यातच गेले. काम चालू असताना घर रिकामे राहील, ते वेगळेच. प्राप्तिकरात भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीला जास्त पैसे लागले, तरी तो खर्च वेगळा वजा होत नाही.

मालकाशी बोलताना

इंजिनिअरचा लेखी अहवाल आणि दोन ठेकेदारांची अंदाजपत्रके घेऊनच बसावे. 'घर खराब आहे' म्हटले, की मालक चिडतो. कागदावरचा आकडा दाखवला, की बोलणी पुढे सरकतात. मालकाकडून दुरुस्ती करून घेण्यापेक्षा किंमत कमी करून घेणे सहसा बरे, कारण विकायच्या घरावर कोणी मनापासून खर्च करत नाही. दुरुस्ती मालकच करणार असेल, तर काम, मुदत आणि काम न झाल्यास विसार परत, या तिन्ही गोष्टी संचकारपत्रात लिहून घ्याव्यात.

कायदा काय म्हणतो

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, मालकाला ठाऊक असलेला पण साधारण काळजी घेऊनही खरेदीदाराच्या लक्षात न येणारा मोठा दोष मालकाने सांगितला पाहिजे. मात्र करारात वेगळे ठरले असेल, तर करार लागू होतो. त्यामुळे 'आहे त्या स्थितीत' हे शब्द दिसले, की सही करण्याआधी वकिलाला दाखवावे. उघड दिसणारा दोष न पाहिल्याचा तोटा खरेदीदाराचाच. भाडेकरूसह घर घेताना त्याची अनामत रक्कम नव्या मालकाकडे आली की नाही, तेही खरेदीखतात स्पष्ट असावे.

कधी उठून यावे

पाया खचत असेल, वरचा मजला परवानगीशिवाय बांधलेला असेल, किंवा मालक दुसऱ्या इंजिनिअरला आत येऊ देत नसेल, तर सौदा सोडलेला बरा. इंजिनिअरची फी गेली म्हणून हळहळू नये. अख्खी पुंजी अडकण्यापेक्षा ती फी स्वस्तच.