दुसऱ्याच्या पंखांवर

उड्डाणाचा इतिहास म्हणून जे लिहिले गेले आहे, तो बहुतांशी उडवणाऱ्यांचा इतिहास आहे. त्यांच्या शेजारी नुसता बसून गेलेल्या माणसाला त्यात फारशी जागा मिळालेली नाही. वास्तविक इंजिनाच्या विमानाने घेतलेला पहिला बळी अशाच एका प्रवाशाचा होता. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेत फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल राइट लष्करासमोर आपले विमान चालवून दाखवत होते आणि शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज बसले होते. पंखा तडकला, त्याच्या फटक्याने सुकाणू ताणून धरणारी तार तुटली आणि विमान कोसळले. ऑर्व्हिल हाडे मोडूनही वाचले, सेल्फ्रिज गेले. सेल्फ्रिज स्वतः जाणते होते. त्यांनी याआधी उड्डाणे केली होती आणि विमानाच्या रचनेचा अभ्यासही केला होता. आज पाचगणीच्या किंवा कामशेतच्या डोंगरकड्यावर अनोळखी वैमानिकाच्या पुढ्यात स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेणाऱ्या पर्यटकाजवळ ती जाणकारीही नसते. मराठीत 'टँडम' म्हणूनच रुळलेल्या या जोडउड्डाणाचा विचार त्या पुढ्यातल्या माणसाच्या बाजूने व्हायला हवा, असे आम्हांला वाटते.

आम्ही राहतो त्या करकंबच्या परिसरात उडी घ्यावी असा डोंगर नाही. भीमेच्या खोऱ्यातला हा सपाट मुलूख आहे. पंढरपूर हाकेच्या अंतरावर असल्याने 'विमान' हा शब्द इथल्या माणसाला आधी कीर्तनातून भेटतो आणि नंतर आकाशात. पुष्पक विमान आणि तुकोबांच्या वैकुंठगमनाचे विमान ही त्या शब्दाची मूळ घरे. या विमानांत बसणाऱ्याला तार, शिवण, वारा यांची चौकशी करावी लागत नाही. पुण्याई असली की पुरे. गंमत अशी की ज्या देहूत बीजेच्या दिवशी त्या विमानाचे स्मरण होते, तिथून वाहणारी इंद्रायणी कामशेतवरूनच खाली येते आणि कामशेतच्या भोवतालचे डोंगर आज महाराष्ट्रातल्या पॅराग्लायडिंगचे माहेरघर झाले आहेत. तेच पाणी पुढे भीमेतून आमच्याकडे पोहोचते. पाण्याबरोबर श्रद्धाही वाहत येते काय, असा प्रश्न कधीकधी पडतो, कारण कड्यावर उभा राहिलेला आपला पर्यटक चौकशी न करण्याची जुनी सवय सोडत नाही.

या सवयीचे एक आधुनिक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले ही कथा मराठी माणूस अभिमानाने सांगतो. तळपदे ही खरी व्यक्ती आणि त्यांचा ध्यासही खरा. पण त्या उड्डाणाचा समकालीन, विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो, त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली मांडला होता. त्याच दशकात जर्मनीत ओटो लिलिएंटाल बर्लिनजवळ मुद्दाम रचून घेतलेल्या टेकडीवरून पुन्हा पुन्हा उड्या घेत होता आणि प्रत्येक निरीक्षण टिपून ठेवत होता. दोन हजारांच्या आसपास उड्डाणांनंतर ऑगस्ट १८९६ मध्ये तो पडला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्या नोंदी मात्र राइट बंधूंच्या हाती आल्या. आपण उड्डाणाची कथा जपली, त्यांनी पडण्याची नोंद जपली. हा फरक तळपद्यांच्या माथी मारण्याचे कारण नाही. तो आपल्या सगळ्यांचा आहे.

आजच्या पॅराग्लायडरचा वंश मात्र लिलिएंटालच्या लाकडी सांगाड्याशी न जुळता पॅराशूटशी जुळतो. अमेरिकेत डॉमिना जॅल्बर्ट याने १९६०च्या दशकात कापडाच्या लांबट कप्प्यांचा पंख तयार केला. पुढची तोंडे उघडी ठेवलेल्या या कप्प्यांत वारा भरला की कापडच पंखाचा आकार धरते. डेव्हिड बॅरिश याने १९६५ साली आपला वेगळ्या घडणीचा कापडी पंख घेऊन डोंगरउतारावरून तरंगून दाखवले, पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. जून १९७८ मध्ये फ्रान्सच्या आल्प्समधील म्यूसी या गावी तीन पॅराशूटपटूंनी विमानाचे भाडे वाचावे म्हणून डोंगरावरूनच धावत झेप घेतली. या खेळाचा जन्म असा काटकसरीतून झाला. १९८०च्या दशकात खास या कामासाठी बनवलेले पंख बाजारात आले. तोवर जो उडत होता तोच पडत होता, म्हणजे धोका ज्याचा त्याच्या अंगावर होता.

जोडउड्डाणाने हे गणित बदलले. चाळीस चौरस मीटरच्या आसपासचा मोठा पंख, दोघांना जोडणारे पट्टे, पुढे प्रवासी, मागे वैमानिक. शिकण्यात दिवस न घालवता दहा-पंधरा मिनिटांत आकाश हाती येऊ लागले. या मोहाला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पाचगणीजवळच्या हॅरिसन्स फॉलीच्या पठारावरून झेपावताना पायाखालून जमीन सुटते ती धक्का देऊन नव्हे, तर हलकेच. खाली कृष्णेचे खोरे आणि धोमचे पाणी उलगडते आणि इंजिन नसल्यामुळे फक्त वाऱ्याचा आवाज येतो. ज्या माणसाने आयुष्यभर डोंगर पायथ्यावरून पाहिला, त्याला तो वरून पाहता यावा, ही इच्छा काही थिल्लर नाही. पाळण्यात बसणे आणि हे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पण ज्या वाऱ्याने हे सुख मिळते, तोच वारा इथला खरा मालक असतो. दरीतून येणारा वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि पंखाला उचलून धरतो. तोच कड्याच्या पाठीमागे उतरताना भोवरे करतो आणि त्यात सापडलेला पंख मिटू शकतो. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या कातळावरून हवेचे जोरकस लोट उठतात. अनुभवी वैमानिक स्वतःपुरता त्यांच्या शोधात असतो, पण शहाणा असेल तर त्या वेळी पर्यटकाला नेत नाही. सकाळची आणि संध्याकाळची हवा त्या मानाने समंजस. पावसाळ्यात तर हा उद्योग बंदच ठेवतात. कापडालाही आयुष्य असते. उन्हाने त्याचा कस जातो, दोऱ्या आखडतात, कधी ताणल्या जातात. युरोपात पंखाच्या मजबुतीची आणि हवेतील वागणुकीची ठरलेल्या मानकांनुसार चाचणी होते, पण ती नव्या पंखाची. पाच हंगाम उन्हात वापरलेल्या पंखाबद्दल ते प्रमाणपत्र काय सांगणार?

'वैमानिकालाही आपला जीव प्यारा असतोच की', हे समर्थन कड्यावर हमखास ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. एस.टी.च्या वळणावर बेदरकारपणे गाडी हाणणाऱ्यालाही जीव प्याराच असतो. सवयीने भीती बोथट होते आणि कमाई उड्डाणांच्या संख्येवर असली की वाऱ्याकडे पाहण्याची नजरही बदलते. २४ डिसेंबर २०२२ रोजी हिमाचलमध्ये कुलूजवळच्या डोभी येथे साताऱ्याच्या शिरवळचा एक तरुण जोडउड्डाणात उंचावरून खाली पडून मरण पावला. वैमानिक वाचला. अशी बातमी वाचताना पहिला प्रश्न पंखाचा नसतो, पट्ट्यांचा असतो. मांड्यांचे पट्टे अडकवले होते काय, ते कोणी तपासले, आणि दुसऱ्या कोणी पुन्हा तपासले काय? १८ जानेवारी २०२५ रोजी गोव्यात पेडणे तालुक्यातील केरीच्या पठारावरून उडालेले जोडपंख काही क्षणांत कोसळले. त्यात पुण्याहून गेलेली एक तरुणी आणि तिला घेऊन उडालेला नेपाळी तरुण असे दोघेही दगावले. परवान्याविना व्यवसाय केल्याच्या आरोपावरून चालकावर गुन्हा नोंदवला गेला. मागे बसलेल्याला जीव प्यारा नव्हता असे कोण म्हणेल? परवाना नसल्याचे बाहेर आले ते मात्र दोन जीव गेल्यानंतर.

महाराष्ट्राने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा व्यवसायांना नोंदणी बंधनकारक केली. पाऊल योग्यच होते. परंतु नोंदणी ही दुकानाची असते आणि प्रवासी उडतो तो एका विशिष्ट माणसाबरोबर, एका विशिष्ट पंखाखाली, एका विशिष्ट वाऱ्यात. जर्मनीतील ग्लायडर-चालकांचा महासंघ दरवर्षी अपघातांचे तपशील आणि त्यांची कारणे प्रसिद्ध करतो. लिलिएंटालचीच ती परंपरा म्हणायची. आपल्याकडे अपघाताची पहिली आणि बहुधा शेवटची नोंद पोलीस ठाण्यात होते. त्यामुळे ती दोषी कोण एवढेच शोधते. पुढच्या वैमानिकाला तिच्यातून काही शिकता येत नाही.

उड्डाणाआधी पर्यटकाकडून सही करून घेतात ते हमीपत्र हा या साऱ्याचा एक बोलका दस्तऐवज आहे. त्यात प्रवाशाचे नाव, वजन, आजार, घरच्यांचा दूरध्वनी हे सगळे विचारलेले असते. वैमानिकाची पात्रता, त्याची उड्डाणे, पंख कोणत्या वर्षीचा, राखीव पॅराशूट शेवटचे कधी उघडून घडी घातले, यांसाठी रकाना नसतो. म्हणजे ज्याला काहीच माहीत नाही त्याने सर्व माहिती द्यायची, आणि ज्याला सर्व माहीत आहे त्याने काहीच सांगायचे नाही. महाविद्यालयाच्या सहलीबरोबर जाताना पालकांच्या संमतिपत्रांचा गठ्ठा आमच्या पिशवीत असतो. गेल्या खेपेस आम्ही त्यासोबत हे न विचारलेले रकाने असलेला एक कागद नेला आणि पठारावरच्या तिघा व्यावसायिकांपुढे ठेवला. एकाने गर्दीकडे बोट दाखवून तो परत केला. दुसऱ्याने अर्धा भरला. तिसऱ्याने सगळा भरला, राखीव पॅराशूटची वही काढून दाखवली आणि मग पठाराच्या कडेला रोवलेल्या वातदर्शक पिशवीकडे बघत म्हणाला, "सर, वारा फिरलाय. मुलांना चहा पाजा. साडेचारनंतर बघू, नाहीतर आज नाही."

साडेचारला वारा तसाच होता. मुले हिरमुसली, आणि गाडी वाईच्या घाटाने खाली उतरली.