नागमोडी रेघ

मंडळी, धीर म्हटलं की आपल्याला आधी रांग आठवते. पण रांगेत उभा असलेला माणूस मनातून पेटलेलाच असतो. त्याला दुसरा इलाज नसतो, इतकंच. उत्तर जिभेवर आलेलं असताना जो थांबतो, त्याच्याविषयी आज बोलू. उदाहरण पुण्यातलंच घेतो.

1919 साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. ते पुरं झालं 1966 साली. सत्तेचाळीस वर्षं! पण नुसत्या वर्षांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. रेंगाळलेल्या कामालाही वर्षं लागतातच. त्या वर्षांत रोज काय चालायचं, ते पाहा.

चौकटी आखलेला कागद. वरच्या ओळीत एक श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर. खाली प्रत्येक हस्तप्रतीसाठी स्वतंत्र ओळ. शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या वाचायच्या आणि जिथे अक्षर बदलतं, तिथे ते त्या चौकटीत नोंदवायचं. कुठला पाठ बरा, हे नोंदणाऱ्यानं ठरवायचं नाही. श्लोक त्याला पाठ असला, तरीही नाही. संपूर्ण प्रकल्पात बाराशेहून जास्त हस्तप्रती अशा तपासल्या गेल्या. धीर हा तिथे कुणाच्या स्वभावावर सोडलेला नव्हता, तो कागदावरच आखलेला होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ‘मी जरा शांत राहीन’ असा संकल्प आपण करतो आणि तो संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, कारण त्याला चौकट नसते.

विष्णु सीताराम सुकथनकर 1925 मध्ये प्रमुख संपादक झाले. मूळचे गणिताचे माणूस. त्यांच्या हाताखाली आदिपर्व 1933 ला पुरं झालं. आता गंमत बघा. गणपती व्यासांचा लेखनिक झाला, ही कथा आपल्याला घरोघरी माहीत आहे. लेखणी थांबू द्यायची नाही, ही गणपतीची अट. अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, ही व्यासांची. महत्त्वाच्या अनेक प्रतींत ही कथा मिळत नाही, म्हणून ती मूळ संहितेतून काढून परिशिष्टात गेली. पुण्यात बसून गणपतीला परिशिष्टात पाठवणं सोपं नव्हे! पण व्यासांची अट मात्र त्या कचेरीत रोज पाळली जात होती, असं मला आपलं वाटतं.

आणि जिथे पुरावा पुरेसा नव्हता तिथे? तिथे सुकथनकरांनी पाठ छापला, पण त्याखाली नागमोडी रेघ ओढली. ‘हे सध्या असं वाचावं, खात्री नाही.’ फोनवर आलेला मजकूर पुढे ढकलताना आपल्यापैकी किती जण अशी रेघ ओढतात? इथे हसू आलं, ठीक आहे. पण त्या एका मजकुरावरून घरांतली बोलणी बंद झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळहून त्याची एक जुनी हस्तप्रत हाती आली. कुठल्याच प्रतीचा आधार नसताना सुकथनकरांनी मोजक्या ठिकाणी पाठ सुधारले होते. त्यांतल्या काहींना या पोथीनं दुजोरा दिला. 1943 च्या जानेवारीत ते गेले. पुढे बेलवलकर, मग प. ल. वैद्य यांनी काम चालवलं. नागमोडी रेघा त्यांनीही ओढल्या.